तेवढं सर्टिफिकेट चुकवायचं नाही

माझ्याबरोबर सिनेमाला येणारा कधी ना कधी विचारतोच, "जाहिराती बुडाल्या तर चालतं, मग सेन्सॉरचं सर्टिफिकेट दिसायच्या आत जागेवर बसायचा एवढा हट्ट कशाला?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

आमचं बालपण लालबागचं. भारतमाता टॉकीज हाकेच्या अंतरावर. गिरणीच्या जागेवरचं थिएटर, मराठी सिनेमे आणि परवडणारं तिकीट. बाल्कनी पाहुणे आले तरच. एरवी स्टॉल, तोही पुढचा.

विकोच्या जाहिराती आणि सरकारी समाचारचित्र संपलं की सर्टिफिकेट यायचं. मोठी माणसं सावरून बसायची आणि आम्ही पोरं त्यावर एकच गोष्ट शोधायचो: रिळं किती? एक रीळ हजार फुटांचं, म्हणजे साधारण 11 मिनिटं. 16 आकडा दिसला की शिट्ट्या, जवळजवळ तीन तासांचा माल! 12 दिसले तर मागून कुणीतरी ओरडणार, "अर्धे पैसे परत द्या!" खाली डाव्या कोपऱ्यात त्रिकोण असला तर सेन्सॉरने कात्री चालवलीय, हे ज्ञान चाळीतल्या एका दादाचं. काय कापलं असेल यावर मध्यंतरात जी चर्चा व्हायची, ती पुष्कळदा सिनेमापेक्षा रंगायची.

ठिपकेही त्यानेच दाखवले. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकून जातो. त्याबरोबर ऑपरेटर दुसरं मशीन सुरू करतो आणि काही सेकंदांनी पुन्हा ठिपका आला की चित्र त्या मशीनवर घेतो. हे एकदा कळलं की सुटका नाही. नायिका धाय मोकलून रडतेय आणि आम्ही कोपऱ्यात डोळे लावून!

मग 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील गिरणीत. पगार बंद, तिथे तिकीट कुठलं? थिएटरबाहेर काचेत लावलेले फोटो बघून आम्ही गोष्ट जुळवायचो. डोअरकीपरमामा ओळखीचे. गर्दी नसली की मध्यंतरानंतर हळूच आत घ्यायचे. "आवाज केलात तर कान धरून बाहेर काढीन." आईला सगळं ठाऊक होतं, पण तिने कधी विषय काढला नाही.

त्यामुळे त्या काळातले कितीतरी सिनेमे मी मध्यंतरापासून पाहिलेत. खलनायक का खवळलाय पत्ता नाही, बहीण कधी हरवली पत्ता नाही, एकदम मारामारी. आधीचा भाग आम्ही घरी जाताना भांडून ठरवायचो. त्यातले काही सिनेमे पुढे टीव्हीवर पहिल्यापासून पाहिले. आमचाच पूर्वार्ध सरस होता, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण रिळं किती, त्रिकोण आहे की नाही, हे काही त्या दिवसांत कळायचं नाही. सर्टिफिकेट पाहायला मिळायचं ते तिकीट काढून वेळेवर आलेल्यांना.

आता रिळं गेली, ठिपके गेले. सर्टिफिकेटवर सिनेमाची लांबी मिनिटांत लिहितात आणि ते पडद्यावर राहतं जेमतेम दहा सेकंद. तेव्हा पार्किंग, पॉपकॉर्नची रांग, काय ते तुमचं तुम्ही बघा. माझं तिकीट माझ्याकडे द्या, मी पुढे जाऊन बसतो.