तुम्ही विचारलंत म्हणून: पेटीवाली घरी काय ऐकते

पेटी, म्हणजे हार्मोनियम, ऐकत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बहुतेकांना वाटतं की माझ्या घरी सकाळ-संध्याकाळ पेटीच चालू असेल.

कार्यक्रम संपल्यावर ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या विंगेत पेटीला कव्हर घालत असते, तेव्हा कोणीतरी येऊन विचारतंच, "ताई, तुम्ही स्वतः घरी काय ऐकता? सिनेमे बघता का? वाचायला वेळ मिळतो का?" क्लासच्या मुलांचे पालकही हेच विचारतात, फक्त त्यांच्या मनात पुढचा प्रश्न तयार असतो, की आमच्या मुलीला काय ऐकवू. उभ्या उभ्या मी दोन मोठी नावं सांगते आणि सुटते. खाली रिक्षा थांबलेली असते आणि पेटी घेऊन दुसरी रिक्षा मिळवणं म्हणजे काय, ते रात्री दहानंतर राम मारुती रोडवर उभं राहून बघा.

नीट उत्तर द्यायचं तर पेटीपासूनच सुरुवात करावी लागेल. पेटीच्या सप्तकात पट्ट्या बारा. दोन पट्ट्यांच्या मधे काही नाही. गवई रिषभावरून पंचमाकडे मींड घेत, म्हणजे सूर न तोडता सरकत, निघतो तेव्हा वाटेतलं सगळं त्याच्या गळ्यात असतं. माझ्याकडे फक्त थांबे असतात. ते पटापट, हलक्या हाताने जोडून मी मींडेचा भास निर्माण करते. बरी साथ म्हणजे बऱ्याच अंशी हा भास निर्माण करण्याची कला.

दुसरी अडचण गंधाराची. तानपुरा नीट लागला की खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सुराच्या, तारेतून आपोआप गंधार ऐकू येऊ लागतो. त्याला आम्ही स्वयंभू गंधार म्हणतो. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून मेळवलेल्या पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो; दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर 100 सेंट, यावरून अंदाज येईल. म्हणजे स्टेजवर मी गवयाच्या डाव्या हाताला बसून एक गंधार वाजवत असते आणि मागचा तानपुरा दुसराच सांगत असतो. गंधार उतरवून पेटी मेळवून घेता येते. पण काळी एकच्या, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला 'सा' धरणाऱ्या, गायकासाठी मेळवलेली पेटी काळी चारच्या गायिकेपुढे ठेवली की भलतेच सूर खुपायला लागतात. दरबारी रागात तर कोमल गंधार इतका उतरलेला आणि आंदोलित, म्हणजे झुलता, असतो, की शहाणा साथीदार तिथे रिषभावर थांबतो किंवा गंधाराला जेमतेम शिवून निसटतो. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती तीन दशकं टिकली, त्यामागे तक्रारी ह्याच होत्या. बंदी अती होती असं माझं मत. तक्रारी खोट्या होत्या असं मात्र मी म्हणणार नाही.

तर सांगायचं हे, की माझ्या वाद्याला जे येत नाही, ते मी घरी ऐकते. दिवसभर ज्याचा भास निर्माण करायचा, ती खरी वस्तू रात्री ऐकायची.

सगळ्यात जास्त ऐकते ती रुद्रवीणा. झिया मोहिउद्दीन डागरांचा आलाप लावते. त्यांनी वीणेचे भोपळे मोठे करून घेतले, दांडी जाड केली, का, तर एकदा छेडलेला सूर लांबवर टिकावा आणि त्यातच मींड पुरी व्हावी. एक सूर सुटतो, तार खेचली जाते, आणि दुसऱ्या सुरावर पोचेपर्यंत मला स्वयंपाकघराचा ओटा पुसून घेता येतो. चेष्टा नाही करत, तेवढा अवकाश त्यात खरंच आहे. पनवेलजवळ पळस्प्याला त्यांचं ध्रुपदाचं गुरुकुल आहे. कोकणात जाताना गाडी तिथून वळली की मी दर वेळी घरच्यांना हे सांगते. ते मान डोलावतात आणि पुढे मिसळ कुठे खायची याची चर्चा सुरू ठेवतात.

त्याखालोखाल सारंगी, पंडित राम नारायणांची. इथे माझा थोडा संकोच आहे. मैफलीत गवयाच्या शेजारची जागा पूर्वी सारंगीची होती आणि ती पेटीने घेतली. कारणं व्यवहारी होती: पेटी शिकायला सोपी, तरफांच्या, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या, तारांची जुळवाजुळव नाही, पट्टी बदलली तरी मिनिटात तयार. सारंगीला नखांच्या मुळाशी तार दाबून गळा जसा जातो तसं जाता येतं. राम नारायणांनी साथीची जागा सोडून तिला एकल वाद्य म्हणून उभं केलं. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले, त्या आठवड्यात मी दुसरं काहीच लावलं नाही.

गाण्यात अमीर खाँ. झुमरा तालाच्या विलंबित, म्हणजे अगदी संथ, लयीत ते इतके सावकाश जातात की ऐकताना माझे हात मांडीवर शांत पडून राहतात. इतर कोणाचं गाणं लावलं की माझी बोटं आपोआप साथ करू लागतात, हा धंद्याचा रोग आहे. भीमसेनजींचं गाणं मला प्रिय आहे, पण ते मी आराम म्हणून ऐकू शकत नाही. पहिल्या तानेला खांदे ताठ होतात.

आता एक उलट टोक. मी बाख हा जर्मन संगीतकार ऐकते. क्लासच्या एका आजोबांना हे कळल्यावर त्यांना मी बाटल्याचाच भास झाला. पण पेटी मुळात युरोपातून आलेली. तिचे सूर ठरलेले असणं हे तिकडे वैगुण्य नाहीच. 1722 मध्ये बाखने मोठ्या-छोट्या मिळून सगळ्या चोवीस स्वरपट्ट्यांत एकेक जोडरचना लिहिली, आणि तीही अशा मेळवणीसाठी की कुठलीही पट्टी वाजवली तरी वाद्य पुन्हा मेळवायला लागू नये. तिथे मींड लागत नाही. एक सूर संपतो, दुसरा सुरू होतो, आणि दोन-तीन ओळी एकमेकींशी बोलत राहतात. आपली पेटी जन्मतः अपंग नाही, ती फक्त परक्या घरी नांदतेय, हे मला तिथे कळतं.

मुलगा मराठी रॅप ऐकतो. त्याला वाटतं मला तिटकारा आहे. नाहीये. बोलण्यालाही सूर असतो आणि तो बारा पट्ट्यांत बसत नाही. चांगला रॅपर ओळीच्या शेवटी आवाज जसा खाली टाकतो, ते पेटीवर काढून दाखव म्हटलं तर मला जमणार नाही. शब्दांबद्दल मात्र आमचे मतभेद आहेत आणि ते जेवणाच्या टेबलावर सुटणारे नाहीत.

सिनेमे कमी बघते. दोन सांगते. सत्यजित राय यांचा 'जलसाघर' (1958), संगीत विलायत खाँचं. जमीनदारी बुडत चाललेली असताना एक माणूस उरलेसुरले पैसे मैफलींवर उधळतो. पडद्यावर खुद्द बेगम अख्तर गातात. पण मी तो बघते ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यासाठी. स्टेजवर माझी नजर गवयाच्या तोंडाकडे लागलेली असते, श्रोते मला दिसतच नाहीत. गाणं ऐकताना माणूस कसा दिसतो, हे मी त्या सिनेमात निवांत पाहिलं. दुसरा चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' (2020). प्रामाणिकपणे रियाज करणाऱ्या, पण कदाचित फार मोठा न होणाऱ्या गायकाची ही गोष्ट. तो रात्री मोटारसायकलवरून रिकाम्या रस्त्यांनी जातो, कानात गुरूच्याही गुरूचं बोलणं चालू असतं. आमच्या क्षेत्रातल्या अनेकांना तो सिनेमा निराश करणारा वाटला. मला तो अचूक वाटला. आमच्यातले बहुसंख्य तोच आहेत, आणि तरी पहाटे उठून तानपुरा लावतात. विद्यार्थ्यांना मी तो बघायला सांगत नाही. अठरा-वीस वर्षांच्या पोरांनी आधी थोडी स्वप्नं बघावीत.

चित्रांतलं मला कळत नाही म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणते. पण काळा घोड्याला काम निघालं की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाऊन येते. तिथे जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहात चित्रकार वासुदेव गायतोंडेंची चित्रं आहेत, त्यातली एक-दोन बहुधा मांडलेली असतात. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवायचे, पुन्हा खरवडून काढायचे. पिवळा कुठे संपला आणि मातकट कुठे सुरू झाला, बोट ठेवून सांगता येत नाही. हीसुद्धा मींडच की. वीणा ऐकणाऱ्या बाईला गायतोंडे आवडावेत यात मला फारसं नवल वाटत नाही. शेजारच्या दालनातली लघुचित्रं मात्र मी भरभर ओलांडते, आणि हे जाणकारांपुढे बोलत नाही.

वाचनात हा नियम लागू पडत नाही. तिथे मला पेटीवाल्यांबद्दलच वाचायला आवडतं. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासूनचं, तिथूनच गोविंदराव टेंब्यांचं 'माझा संगीत व्यासंग' पहिल्यांदा हातात आलं. टेंबे साथ करता करता शिकले. 'मानापमान'च्या चाली (1911) त्यांच्या. आणि 1932 च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात हरिश्चंद्र तेच आणि संगीतकारही तेच. पेटीवाला नायक! साथीदाराचं नाव जाहिरातीत सर्वांत खाली, बारीक टायपात छापणाऱ्यांना मी हे अधूनमधून ऐकवते. बाकी वाचन म्हणजे रहस्यकथा. प्रवासात, लोकलमध्ये, मेकअपरूममध्ये, साउंडचेकला तबलजी ठाणे स्टेशनच्या पुलावर अडकलेला असतो तेव्हा. त्याबद्दल मला अजिबात लाज नाही.

न आवडणाऱ्या गोष्टींचीही चौकशी होते. दिवाळी पहाटेला आवाजात ओतला जाणारा एको. गाण्यापेक्षा लांबलेलं निवेदन. आणि कार्यक्रमात पेटीच्या सोलोला 'आता पाच मिनिटं' म्हणून दिलेली मेहेरबानी.

राहिला पालकांचा प्रश्न. मुलीला आधी कोणा मोठ्याचं काही ऐकवू नका. तानपुरा लावा, ॲपवरचा चालेल, आणि तिला त्यावर गंधार गायला सांगा. तो लागला, की लगेच पेटीची गंधाराची पट्टी दाबा. दोन्हींत काही वेगळं ऐकू आलं का विचारा. आलं तर क्लासला घेऊन या. नाही आलं तरी या, फी तीच आहे.