परतवाडा ते मोथा: विजेवरची सायकल आणि गवळ्यांच्या वाटा

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझे थोरले बंधू परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे घाट चढून मोथा आणि चिखलदरा असे दोन दिवस सायकलने फिरून आलो. दादांचे वय ६३ आणि एक गुडघा अधू, म्हणून त्यांच्याकडे विजेवर चालणारी माउंटन सायकल होती, तर माझ्याकडे साधी गिअरची. अशी सायकल डोंगरातल्या पायवाटांवर न्यावी की नाही, याविषयी निघताना मला फारशी शंका नव्हती. मोथ्याच्या पठारावर एका सकाळी जे घडले त्यानंतर माझे मत पुष्कळ बदलले.

आधी घाटाविषयी. परतवाड्यापासून चिखलदऱ्यापर्यंत सुमारे ७०० मीटरची चढण आहे. स्वार आणि सायकल मिळून ९५ किलो वजन तेवढे उंच न्यायला साधारण १८० वॅट-तास ऊर्जा लागते. रस्त्याचे घर्षण आणि मोटरमधील तूट वेगळी, आणि स्वार स्वतः जे पायडल मारतो ते त्यातून वजा. दादांची बॅटरी ५०० वॅट-तासांची होती आणि वर पोहोचलो तेव्हा तिच्यात निम्म्याहून थोडी कमी वीज शिल्लक होती. तरुणपणी याच घाटात माझ्या पुढे निघून जाणारे दादा गेली अकरा वर्षे सायकलवर बसलेच नव्हते. ते धापा न टाकता दरी पाहत वर आले, हे पाहून मला जो आनंद झाला तो लपवण्याचे कारण नाही. विजेची सायकल म्हणजे आळशी माणसाचे वाहन, असे म्हणणाऱ्यांनी एकदा अशा माणसाबरोबर घाट चढून पाहावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोथ्याजवळच्या कच्च्या वाटेवर आम्ही सायकली बदलून घेतल्या. ती वाट बैलगाडीपेक्षा अरुंद, दोन्ही बाजूंनी गवत वाढलेले, आणि पुढे एक चढाचे वळण होते. मी त्या वळणावर ताशी १८ किलोमीटरच्या आसपास वेगाने आलो आणि समोर सात-आठ म्हशी घेऊन एक वयस्क गवळी उभे होते. मी ब्रेक दाबले, कोणाला लागले नाही, पण म्हशी बिथरून उतारावरच्या तुरीच्या शेतात शिरल्या आणि त्या गोळा करायला आम्हा तिघांना अर्धा तास लागला. मी माफी मागितली, तेव्हा ते रागावले नाहीत. ते म्हणाले, ‘‘चढावर सायकलवाला त हातात धरूनच येते, भाऊ. तुमी असे अंगावर येसान, हे कोनाले मालूम?’’

सगळा प्रश्न या वाक्यात आहे. वाटेवरून चालणारा माणूस आणि त्याची जनावरे वर्षानुवर्षांच्या सवयीने अंदाज बांधतात: उतारावरून सायकल वेगाने येते, चढावर नाही, मोटारसायकलचा आवाज लांबून ऐकू येतो. विजेची सायकल चढावरही वेगाने येते आणि आवाज जवळजवळ करत नाही, म्हणून तिच्यामुळे धोका उतारापेक्षा चढावर वाढतो. डोक्यावर मोळी घेतलेली बाई चटकन मान वळवू शकत नाही, हेही इथे लक्षात ठेवावे लागते.

वाट खराब होण्याविषयीची भीती मात्र मला काहीशी अतिरंजित वाटते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या जंगलात इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने २०१५ साली केलेल्या पाहणीत पायडल मारल्यावरच मदत करणाऱ्या सायकलींनी विस्कटलेली माती साध्या माउंटन सायकलींच्या जवळपासच आढळली, तर मोटारसायकलींनी कितीतरी अधिक. पण ती जमीन आपली काळी कापसाची जमीन नव्हे. पावसानंतर घाटाखालच्या पांदणीत कोणत्याही चाकाची चाकोरी पडते आणि ती वाळून दगडासारखी टणक होते. मग महिनाभर बैलगाडीवाल्याला त्याच चाकोरीतून जावे लागते. शिवाय आपल्याकडील अनेक सायकलींना पायडल न मारता चालवणारी मूठ असते, आणि ती चढावर पिळली की मागचे चाक जागीच फिरून माती उकरते. कच्च्या वाटेवर ती मूठ वापरूच नये.

पाव किलोवॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली सायकल आपल्या नियमांत मोटार वाहन ठरत नाही, म्हणून परवाना किंवा नोंदणी लागत नाही. याचा अर्थ ती कुठेही नेता येते असा मात्र नाही. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलवाटांवर वन विभागाच्या परवानगीशिवाय कोणतीच सायकल नेऊ नये. गावाच्या वाटांविषयी गावातच विचारावे. २००६ च्या वनहक्क कायद्याने या परिसरातील पायविहीरसारख्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, आणि त्या जंगलात आपण पाहुणे असतो.

जाणाऱ्यांनी घंटी अवश्य लावावी आणि वळणाच्या बरेच आधी वाजवावी. जनावरे दिसताच मोटर बंद करून उतरावे आणि ती जाईपर्यंत उताराच्या बाजूला उभे राहावे, म्हणजे बिथरलेले जनावर खाली जाणार नाही. बाभळीच्या काट्यांनी पंक्चर हमखास होते. मोटर मागच्या चाकातच असेल तर ते काढण्यासाठी नटाचा पाना आणि वायर सोडवण्याचा सराव हवा. नसल्यास चाक न काढता ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावावे. बॅटरी पूर्ण भरायला आम्हाला पाच तास लागले, तेव्हा मुक्कामी पोहोचताच ती खोलीत लावावी. वीज रात्री जाऊ शकते. अशी सायकल २३ किलोच्या आसपास असते, त्यामुळे घाट उतरताना दोन-तीनदा थांबून ब्रेक थंड होऊ द्यावेत. अस्वल आणि बिबट्या असलेले हे जंगल आहे, म्हणून उतरणीला दुपारी दोनच्या आत लागावे.

परतीच्या वाटेवर त्या वळणापाशी आम्ही दोघेही उतरलो आणि सायकली हातात धरून चाललो. ते गवळी तिथेच होते. म्हशींनी या वेळी मान वर करून पाहिले आणि पुन्हा गवतात तोंड घातले.