सर, मी नव्हतो

दहावी ब ला निरोप देऊन आता साडेचार महिने झाले, निकाल लागला, दाखलेही वाटून झाले, पण त्या दिवसाचं काही डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतोय.

मी बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत गणित शिकवतो. आमच्याकडचा सेंड ऑफ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नववीची पोरं वर्गणी काढून नाष्टा ठेवतात, दहावीच्या मुली आईच्या साड्या नेसून येतात आणि दिवसभर पिना सावरत बसतात, पोरं एकसारखे कुर्ते घालतात आणि बॅच शाळेला घड्याळ भेट देते. दरवर्षी घड्याळच. ऑफिसात दोन, स्टाफरूमला तीन, प्रयोगशाळेत एक, त्यातलं चालू एकच आणि तेही सात मिनिटं पुढं. आणि मग भाषणं. सगळी यूट्यूबवरनं उतरवलेली, 'शाळा म्हणजे आमचं दुसरं घर' इथून सुरुवात करून 'पाखरं उडून चालली' पर्यंत, तिसऱ्या भाषणाला मुली रडायला लागतात आणि आमच्या एक मॅडम सगळ्यात आधी रडतात.

यंदा (2025) बोर्डाने परीक्षा लवकर घेतली, 21 फेब्रुवारीलाच मराठीचा पेपर, त्यामुळे तोंडी, प्रात्यक्षिकं, हॉलतिकिटं सगळं एकात एक. हॉलतिकिटांवर जातीचा प्रवर्ग छापण्यावरून तर ओरड झाली, मग बोर्डाने तो काढला, आम्ही क्लार्कच्या शेजारी बसून सह्या शिक्के. अशा गडबडीत मी पोरांना म्हणालो, ह्या वेळी पाठ केलेलं भाषण नको, खरं काय आठवतं ते सांगा. तर सगळे गप्प. खरं म्हणजे त्यांचंही बरोबर होतं. ही पोरं पाचवीत होती तेव्हा मार्च 2020 ला शाळा बंद झाली, पाचवीची वार्षिक झालीच नाही, सहावी व्हॉट्सअपवर आणि टीव्हीवरच्या टिलिमिलीवर गेली (ज्याच्या घरी मोबाइल किंवा टीव्ही होता त्याची), सातवीत शाळा कधी उघडी कधी बंद. म्हणजे आठवण म्हणून धड सांगता येईल अशी शाळा आठवीपासूनची.

म्हणून मला एक आयडिया सुचली. आठवीला मीच वर्गशिक्षक होतो, तेव्हाचा माझा कॅटलॉग, म्हणजे वर्गाचं हजेरीपत्रक, कपाटातून काढला. माझ्या कॅटलॉगचा मला अभिमान आहे हे आधीच कबूल करतो. रविवारच्या उभ्या रेघा लाल शाईने पट्टी लावून, मुलं मुली वेगळी बेरीज, महिन्याची सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत, कुठं खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा तो दुसऱ्या शाळेच्या लोकांना दाखवला होता. आमच्या स्टाफमध्ये असे लोक आहेत जे महिन्याची हजेरी एकतीस तारखेला एका बैठकीत भरतात, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही.

तर म्हणालो, मी तारीख वाचतो, कोण हजर होतं ते सांगतो, तुम्ही त्या दिवसाचं आठवा. 3 जानेवारी 2023 निवडली, सावित्रीबाई फुले जयंती, कारण त्या दिवशी वर्गातल्या एका मुलीचं नाटकात बोलता बोलता लुगडं सुटलं होतं. नाव वाचायला लागलो, हजर, हजर, पोरं खुश, लुगड्याचा किस्सा निघाला, ती मुलगी लाजून लाल. मग गणेशचं नाव आलं (नाव बदललंय). हजर.

मागच्या बाकावरून उभा राहिला. "सर, मी नव्हतो."

मी म्हणालो, अरे इथं आहेस की. वर्ग हसला.

"न्हाई सर. मी कोपीवर होतो. शिरोळकडं."

गणेशचे आईवडील ऊसतोडीला जातात, कोपी म्हणजे ऊसतोड मजुरांची झोपडी. आमच्याकडं नवराबायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दिवाळी झाली की टोळी निघते ती मार्चला किंवा त्याच्याही पुढं परत. घरी आजीआजोबा धडधाकट असले तर पोरं मागं राहतात, आठवीच्या वर्षी त्याची आजी वारली म्हणून त्यालाही नेलं होतं. धाकट्या बहिणीला सांभाळायचं, बैलांना पाणी दाखवायचं, आईने बांधलेलं वाढं (उसाचे हिरवे शेंडे, जनावरांना चारा म्हणून) गावात नेऊन विकायचं.

तो तक्रार करत नव्हता हो. मी आठवण विचारली होती, तो आठवण सांगत होता. "तिथं बी त्या दिवशी शाळेत सावित्रीबाईचं होतं, भोंग्यावर ऐकू येत होतं. शाळा लई जवळ, आपल्या ग्राउंडएवढीच लांब. तिथले गुरुजी कोपीवर आले होते, म्हणले कार्ड आणलंय का रे शाळेचं. म्या म्हणलं आमच्या सरांनी काय दिलं न्हाई. ते म्हणले असूंदे, तरी ये. पण मला लाज वाटली, तिथं आपलं नाव न्हाई, काय न्हाई."

आता हे कार्ड म्हणजे शिक्षण हमी कार्ड. स्थलांतर करणाऱ्या पोराला त्याच्या मूळ शाळेने ते भरून द्यायचं असतं, कुठल्या वर्गात आहे, काय शिकून झालंय वगैरे, म्हणजे जिथं जाईल तिथल्या शाळेत त्याला बसवून घेतात आणि परत आला की आपल्याकडं पुढं चालू. साधं आहे. पण कार्ड द्यायचं म्हणजे पोरगा इथं नाही हे आधी लिहायला लागतं. आणि माझ्या कॅटलॉगमध्ये तो रोज होता. हजर असलेल्या पोराला स्थलांतराचं कार्ड कुठल्या तोंडाने देणार? हे मला तिथं, सत्तर पोरांसमोर, कॅटलॉग हातात धरून कळलं, दोन वर्षांनी.

तेव्हा का केलं हे? लोक म्हणतील तुकडी टिकवायला, संचमान्यतेला, म्हणजे शिक्षकांची पदं मंजूर व्हायला, पट लागतो म्हणून. पण पट सप्टेंबरचा धरतात, जानेवारीत वर्गात कोण बसलंय हे कोण बघतंय. खरं कारण कंटाळा. सतत गैरहजर पोरगा दाखवला की गृहभेटी, त्यांचे अहवाल, शाळाबाह्यच्या यादीत नाव, वरून फोन, हेडसरांचं तोंड. हजेरीची तिरकी रेघ मारली की सगळं मिटतं. वर्गातली सात पोरं गेली होती, सातही माझ्याकडं हजर. खिचडीच्या वहीत मात्र मी त्यांना धरलं नाही, तेवढं इमान ठेवलं असं मला वाटायचं. एकदा विचारणा झाली, हजेरी 41 आणि खिचडी खाणारे 34 कसे, तर मी म्हणालो सात जण डबा आणतात.

गणेश बसला. हेडसर माइकमध्ये म्हणाले, "चला, पुढचा कार्यक्रम," आणि घड्याळ देण्याचा फोटो झाला. नंतर स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "कशाला उकरायचं जुनं, कॅटलॉग काय वाचायची गोष्ट आहे का." दुसऱ्या दिवशी कपाटाला नवीन कुलूप लागलेलं. मला कोणी काही बोललं नाही, बोलण्यासारखं काय होतं, सगळ्यांचेच कॅटलॉग तसे.

घरी जाऊन रेघा मोजल्या होत्या, पानांचे फोटो काढून आणले होते. नोव्हेंबर ते मार्च, 109. सगळ्या एका मापाच्या.

13 मे ला निकाल लागला. गणेशला 58 टक्के, गणितात 39. गणित मी शिकवलं. नववीपासून जो अपूर्णांकात अडकायचा त्याला मी वर्गात 'डोकं कुठं ठेवून येतो रे' असं म्हणायचो, दोन वर्षं.

जूनमध्ये तो दाखला न्यायला आला. दाखल्यावर 'अभ्यासातील प्रगती: चांगली, वर्तणूक: चांगली' हे क्लार्क न विचारताच लिहितो, सगळ्यांना तेच. पोरानं सही करून दाखला घेतला, झेरॉक्ससाठी पिशवीत घातला आणि दारातच रेंगाळला.

"सर, धाकटी सहावीत आलीया. औंदा तिला बी न्यावं लागंल. ते कार्ड तिला मिळंल का?"

म्हणालो मिळेल, दिवाळीच्या आधी ये. तो गेल्यावर हेडसरांकडून किल्ली घेऊन कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात, जुन्या घड्याळांच्या खोक्यांमागं कोऱ्या कार्डांचा गठ्ठा होता. वरचं रबर वितळून पहिल्या कार्डाला चिकटलं होतं.