तुम्ही विचारलंत म्हणून: ते लाल अंडं वर्षभर कशाला?

वसईला आले की हा प्रश्न ठरलेला, आता फोनवरही येतो. 'तू कॅथलिक घरातली, शिकलेली. मग बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरातल्या तुझ्या घरात येशूच्या तसबिरीशेजारी उकडलेलं लाल अंडं वर्षभर कशाला? ही अंधश्रद्धा नाही का?'

बल्गेरियात ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी किंवा शनिवारी अंडी रंगवतात आणि पहिलं लालच असतं. घरातली मोठी बाई ते पोरांच्या गालांवरून, कपाळावरून फिरवते, वर्षभर तब्येत चांगली राहावी म्हणून. बाकीची अंडी ईस्टरला एकमेकांवर आपटून फोडतात. हे पहिलं मात्र तसबिरीपाशी राहतं. पुढच्या वर्षी नवं आलं की जुनं शेतात पुरतात.

लग्न होऊन गेले तेव्हा मीही तुमचाच शब्द वापरला होता. त्यावर सासूबाईंनी मला त्यांच्या तरुणपणाचं सांगितलं. कम्युनिस्ट राजवटीत ईस्टरच्या रात्री चर्चभोवती मिलिशियाचं, म्हणजे तेव्हाच्या पोलिसांचं, कडं असायचं, तरुणांना आत सोडत नसत. लोक घरीच बसावेत म्हणून टीव्हीवर एरवी न दिसणारे परदेशी सिनेमे लावत. अंडी मात्र स्वयंपाकघरात रंगतच राहिली. हे ऐकूनही त्या वेळची मी म्हणाले होते, 'छळ सोसला म्हणून समज खरी ठरत नाही.' तिला द्यायला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

2024 साली सासूबाई फेब्रुवारीत गेल्या. वसईचा ईस्टर 31 मार्चला झाला, आमच्याकडचा ईस्टर ऑर्थोडॉक्स पंथाच्या पंचांगाप्रमाणे 5 मेला होता. शेजारच्या आजींनी बजावलं, दुखवट्याच्या घरात अंडी रंगवायची नाहीत. नवरा काहीच बोलला नाही. तसबिरीपाशी आदल्या वर्षीचं अंडं होतं, सासूबाईंच्या हातचं शेवटचं. नवं रंगवलं तर ते पुरावं लागणार, आणि न रंगवावं तर लेक विचारत होती, 'माझ्या गालाला या वर्षी कोण लावणार?' गुरुवारी संध्याकाळी मी पाणी उकळलं, व्हिनेगर घातलं, रंग घातला आणि एकच अंडं सोडलं. नवरा उठून बाहेर गेला. परतला तेव्हा मी लेकीच्या गालावर ते फिरवत होते. हात थरथरत होता, कारण घरातली मोठी बाई आता मी होते आणि ते मला नको होतं. तो एवढंच म्हणाला, 'आईचं हलवू नकोस.' तेव्हापासून तिथे दोन आहेत. आजी म्हणतात, दोन ठेवत नाहीत.

ती फक्त सासूबाईंची आठवण आहे, असं सांगून मला सुटता आलं असतं. तुम्हालाही ते पटलं असतं. पण गेल्या पावसाळी थंडीत लेकीला ताप चढला तेव्हा मी मध्यरात्री उठून ते अंडं तिच्या कपाळाला लावलं. औषध आधीच दिलं होतं, ताप औषधानेच उतरला असणार. तरीही लावलं, आणि पुन्हा लावेन. याला श्रद्धा म्हणायचं की अंधश्रद्धा, ते तुम्ही खुशाल ठरवा. मला भीती वाटत होती आणि हाताशी तेच होतं.

जुन्या अंड्याचं मात्र अडलेलं आहे. नवऱ्याला आता ते गावच्या शेतात, आजोळी पुरायचंय. मी नेऊ देत नाही. यंदाही आमचं त्यावरून वाजलं.