जिलेटीन, डिंक आणि चमचाभर मीठ

कोमट पाण्यात विरघळवलेले जिलेटीन आणि अरबी डिंकाचे पाणी ही दोन्ही द्रावणे गाळून घेतली की नितळ दिसतात. ती ४० अंश सेल्सिअसच्या आसपास एकत्र करून मी थेंबथेंब व्हिनेगर घालत गेलो, तेव्हा बराच वेळ काहीच घडले नाही. मग सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) ४ च्या जवळ आला आणि चंचुपात्रातले पाणी बघता बघता दुधासारखे झाले. सूक्ष्मदर्शकाखाली त्या दुधात असंख्य गोल थेंब होते. दोन थेंब एकमेकांना टेकत, क्षणभर थबकत आणि एकच मोठा थेंब होऊन जात.

माझ्याकडचे जिलेटीन चुन्याची प्रक्रिया केलेले होते. द्रावणाचा सामू ५ च्या खाली गेला की जिलेटीनच्या लांब साखळीसारख्या रेणूंवर एकंदरीत धन भार येतो, तर डिंकाच्या साखळ्यांवरचा ऋण भार तिथेही टिकून असतो. मग दोन्ही साखळ्या एकमेकींकडे ओढल्या जाऊन दाट थेंबांत गोळा होतात. अशा रीतीने दाट आणि विरळ असे दोन द्रव वेगळे होण्याला १९२९ साली बुंगेनबर्ग द यॉंग आणि क्रॉइट या डच संशोधकांनी कोॲसर्व्हेशन हे नाव दिले. पुढे कार्बनविरहित नकल कागदावरच्या शाईच्या सूक्ष्म कुप्याही याच जोडीतून तयार झाल्या.

विरुद्ध भारांचे आकर्षण एवढेच कारण सांगून थांबणे मला अपुरे वाटते. प्रत्येक भारित साखळी आपल्याभोवती विरुद्ध भाराचे लहान आयन बाळगून असते. दोन साखळ्या एकमेकींना बिलगल्या की हे आयन पाण्यात मोकळे सुटतात आणि त्यांच्या मोकळेपणामुळे एन्ट्रॉपी, म्हणजे कणांच्या विखुरलेपणाचे माप, वाढते. पाण्यात आधीच भरपूर मीठ असेल, तर या सुटकेतून फारसे काही साधत नाही आणि आकर्षणही झाकोळते. चमचाभर मीठ ढवळताच माझे दूध पुन्हा नितळ झाले.

याच्या नेमके उलटही घडते. पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि डेक्स्ट्रान हे भाररहित पॉलिमर पाण्यात थोड्याशा प्रमाणातही वेगळे होतात, कारण लांब साखळ्यांना मिसळण्यातून एन्ट्रॉपीचा लाभ फारच थोडा मिळतो. अशा जोडीतल्या एकावर भार असला, तर वेगळे होताना त्याच्या आयनांनाही त्याच थरात कोंडून राहावे लागते, आणि ते टाळण्यासाठी मिश्रण अधिक दाट होईपर्यंत एकजीव राहते. तिथे मीठ घातले की आयनांच्या या कोंडीला फारसे महत्त्व उरत नाही आणि थर पडू लागतात.