आजीचा अडकित्ता आणि माझा रिपोर्ट

आईची आई कुठलीही गोळी आधी अडकित्त्याने अर्धी करायची. "आपल्याकडं औषध चढतं गं." आम्ही पोरं हसायचो.

सव्विसाव्या वर्षी मला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं निदान झालं: भावना फार तीव्र, नाती डळमळीत, असा मानसिक आजार. या आजारासाठी म्हणून अमेरिकेच्या एफडीएने मान्य केलेली एकही गोळी नाही. खरा उपचार थेरपीचा. गोळ्या मिळतात त्या सोबत आलेल्या नैराश्याच्या, चिंतेच्या. मला एस्सिटालोप्राम दिली, 10 मिलिग्रॅम, पुढे 20. झोप उडाली, मळमळ, हातातला चहाचा कप बशीवर वाजायला लागला. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी फाइलवरचं निदान पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "तुम्हाला सगळंच जरा जास्त जाणवतं."

जाणवतंच. पण कप तर वाजत होता ना!

दुसऱ्या डॉक्टर बाईंनी विचारलं, "घरी आणखी कुणाला औषधं चढतात?" मी अडकित्त्याची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना गेला. रिपोर्ट आला: सीवायपी2सी19 नावाचं जनुक, दोन्ही प्रती 'स्टार टू', म्हणजे काम न करणाऱ्या. एस्सिटालोप्राम मोडणारं यकृतातलं या जनुकाचं एन्झाइम माझ्यात जवळपास बंद. औषध रक्तात साचत होतं. भारतीयांत हा बदल अजिबात दुर्मीळ नाही, म्हणे. आता 5 मिलिग्रॅमवर आहे. कप गप्प आहे.

मग मला हाव सुटली. मूड सावरायला लॅमोट्रिजिन चालेल का, जनुकं काय म्हणतात? बाई म्हणाल्या, 2018 साली ब्रिटनमध्ये या आजाराच्या 276 जणांवर ती चाचणी झाली, नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा काही फरक पडला नाही. आणि कुणी फोन उचलला नाही की पोटात जो खड्डा पडतो, त्याचा या रिपोर्टात उल्लेखही नाही. त्यासाठी दर गुरुवारी थेरपी.

दोन प्रती म्हणजे एक बाबांकडची, एक आईकडची. आईवरून मामा आठवला. त्याला स्टेंट बसवलाय, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल चालू आहे. तिथे गंमत उलटी: ती गोळी याच एन्झाइममुळे कामाला लागते. एन्झाइम मंद असेल तर गोळी पोटात जाऊनही तिचा असर कमी. मामाला फोन केला. "गोळी बंद करू नकोस, फक्त तुझ्या हार्टच्या डॉक्टरांना विचार."

"तू आधी तुझं बघ गं," म्हणाला.

दोन दिवसांनी मामीचा फोन. "तो रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाक. आणि तुझ्या मामाला सांगू नकोस मी मागितला म्हणून."