हॅनिबल जिंकत होता, तरी कार्थेज का हरले?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली, तेव्हा तिच्या मुलाने ओट्यावर बसल्या बसल्या मला विचारले, “मामा, हॅनिबल इतला मोठा व्हता, मंग हारना कसा?” हत्ती घेऊन आल्प्स ओलांडून रोमशी लढायला आलेल्या, उत्तर आफ्रिकेतील कार्थेज राज्याच्या त्या सेनापतीची गोष्ट त्याने वाचली होती आणि तिचा शेवट त्याला पटला नव्हता. त्याच्या वयाचा असताना मलाही तो पटला नव्हता. त्या दिवशी पाहुण्यांच्या गडबडीत त्याला अर्धेच उत्तर मिळाले, म्हणून उरलेले येथे लिहितो आहे.

नेहमीचे उत्तर असे की इ.स.पू. 216 मध्ये दक्षिण इटलीतील कॅनीच्या लढाईत एका दिवसात सुमारे 50 हजार रोमन सैनिक मारल्यावर हॅनिबलने थेट रोमवर चाल करायला हवी होती. मला हा दोष अन्यायाचा वाटतो. रोम तेथून रस्त्याने सुमारे 400 किलोमीटर दूर, शहराला भक्कम तट, आणि वेढ्यासाठी लागणारी सामग्री त्याच्याजवळ नव्हती. शिवाय रोम शहर घेणे हा त्याचा मूळ बेतच नव्हता. रोमची इटलीतील मित्रराज्ये फुटली की रोम आपोआप गुडघे टेकेल, असा त्याचा हिशेब होता. म्हणूनच तो रोमन कैद्यांना अडकवून ठेवत असे आणि मित्रराज्यांच्या कैद्यांना खंडणी न घेता घरी पाठवत असे. कॅनीनंतर कापुआसारखे मोठे शहर त्याला येऊन मिळालेही, परंतु रोमने वसवलेल्या लॅटिन वसाहती आणि मध्य इटलीचा बहुतेक भाग जागचा हलला नाही.

तो का हलला नाही, यातच मला सगळ्या प्रश्नाचे उत्तर दिसते. इटलीत जिंकलेल्या समाजांकडून रोम वार्षिक खंडणी घेत नसे, सैनिक घेत असे. त्याबदल्यात लुटीत वाटा मिळे, काहींना जमीन आणि काहींना कमी-अधिक हक्कांचे नागरिकत्वही मिळे. कालचा शत्रू अशा रीतीने आजच्या युद्धात भागीदार होई. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने इ.स.पू. 225 च्या सुमारास रोम आणि मित्रराज्ये मिळून उभे करू शकतील असे मनुष्यबळ 7 लाखांहून अधिक पायदळ आणि सुमारे 70 हजार घोडदळ इतके दिले आहे. हा आकडा थोडा फुगलेला मानला, तरी कॅनीसारखा घाव सोसून पुन्हा उभे राहण्याची ताकद कुठून आली ते त्यावरून कळते.

कार्थेजचे सैन्य मुख्यतः लिबियन, स्पॅनिश, गॉल, न्यूमिडियन अशा बाहेरच्या लोकांचे, बरेचसे पगारी होते. पगारी सैनिक वाईट लढतो असे मी म्हणणार नाही, कारण असेच सैन्य हॅनिबलबरोबर इटलीत सुमारे 15 वर्षे बंड न करता राहिले. दुखणे राज्याच्या वागण्यात होते. इ.स.पू. 241 मध्ये, हॅनिबलच्या आधी, रोमशी झालेले पहिले युद्ध हरून परतलेल्या सैनिकांचा थकलेला पगार देताना कार्थेजने घासाघीस सुरू केली. आमच्याकडे सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचे, साल आखाजीला पुरे होते आणि त्या दिवशी त्याचा हिशेब चुकता न करणाऱ्या शेतकऱ्याकडे पुढच्या वर्षी कोणी राबायला येत नाही. तेथे तर हिशेब मागणाऱ्यांच्या हाती शस्त्रे होती. बंड पेटले आणि लिबियन शेतकरी त्यांना जाऊन मिळाले, कारण युद्धकाळात कार्थेजने त्यांच्या पिकाचा निम्मा भाग कर म्हणून उचलला होता. निम्मे पीक म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ते बंड तीन वर्षांहून अधिक चालले आणि त्यामुळे कार्थेज खचलेले पाहून रोमने त्याचे सार्डिनिया बेट बळकावले.

त्याच पहिल्या युद्धाच्या शेवटी रोमची तिजोरी रिकामी होती, तेव्हा तेथील श्रीमंतांनी स्वतःच्या पैशाने सुमारे 200 जहाजे बांधून दिली. विजय मिळाला तरच पैसे परत मिळायचे होते. त्याच जहाजांनी इ.स.पू. 241 मध्ये एगेट्स बेटांजवळची निर्णायक लढाई जिंकली.

कॅनीनंतर हॅनिबलचा भाऊ मागो विजयाची वार्ता घेऊन कार्थेजला गेला आणि मेलेल्या रोमन सरदारांच्या सोन्याच्या अंगठ्या त्याने सभेपुढे ओतल्या, असे रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. त्यावर विरोधी गटाच्या हॅनोने विचारले, लॅटिनांपैकी कोणी फुटले आहे का? रोमने तहाची बोलणी लावली आहेत का? दोन्हींचे उत्तर नकारार्थी होते. हॅनोला द्वेष्टा म्हणतात, पण प्रश्न अचूक होते. पुढे इटलीसाठी जमवलेली मागोची फौज स्पेनकडे वळवली गेली. मी या निर्णयाला फितुरी म्हणणार नाही. युद्धाचा खर्च भागवणाऱ्या चांदीच्या खाणी तेथेच होत्या. तरीही इ.स.पू. 209 मध्ये रोमन सेनापती स्किपिओने तेथील नवे कार्थेज हे शहर घेतलेच, आणि हॅनिबलकडे कुमक घेऊन निघालेला त्याचा दुसरा भाऊ हस्द्रुबल इ.स.पू. 207 मध्ये इटलीतील मेटॉरस नदीकाठी मारला गेला.

इ.स.पू. 202 मध्ये उत्तर आफ्रिकेतील झामाच्या मैदानात दोन्ही पायदळे तुल्यबळ झुंजत असताना हॅनिबलच्या सैन्याच्या पाठीवर रोमच्या बाजूचे घोडदळ येऊन आदळले आणि युद्धाचा निकाल लागला. त्या घोडदळात न्यूमिडियन स्वार होते आणि त्यांचा नेता होता मासिनिस्सा. काही वर्षांपूर्वी हाच मासिनिस्सा स्पेनमध्ये कार्थेजच्या बाजूने रोमनांशी लढत होता.